जास्तीचं पोर

माझी बायको रोवेना ऑगस्टमध्ये गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना व्हायच्या आतच गावातल्या दुकानांत नाताळची गाणी सुरू झाली, कारण आमच्याकडे सप्टेंबर लागला की ती सुरू होतातच. कुणाच्या घरी काय झालंय ते गाण्यांना माहीत नसतं. मी वेल्डिंगचं काम करतो, मोटारसायकलींना बाजूला डबे जोडून तीनचाकी रिक्षा करून देतो. त्या महिन्यांत मी मशीन जास्त वेळ चालू ठेवायचो. आवाजात गाणं ऐकू येत नसे.

आमची मुलगी मुत्या तेव्हा पाच वर्षांची व्हायची होती. नाताळ करायचा की नाही हे मी ठरवलं नव्हतं, पण मुत्यानं ठरवलेलं होतं. डिसेंबर लागताच तिनं मला विचारलं, "ताताय, आपली चांदणी कुठंय?"

दर वर्षी खिडकीतली चांदणी रोवेना करायची. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत एक बल्ब. मला कामट्या वळवता येत नाहीत. दोन मोडल्या, तिसरी बोटात घुसली. मग मला जे येतं ते मी केलं. सळया कापल्या, जोडल्या, घासून रंग दिला. चांदणी सरळ आणि सुबक झाली होती. खिडकीवर टांगली आणि दुपारी ती पागोळीच्या पत्र्यासकट खाली आली. नशीब, खाली फक्त कोंबड्यांचं भांडं होतं.

माझी सासू समोरच्या गल्लीत राहते. आवाज ऐकून आली. मुत्यामुळे मीही तिला लोलाच म्हणतो. लोला म्हणजे आजी. तिनं चांदणी पायानं हलवून बघितली.

"चांदणी केलीस की जहाजाचा नांगर?"

"मजबूत व्हावी म्हणून केली."

"वादळ अडवायचंय का तिनं? डेल्फिन, चांदणी हलकी असते. वाऱ्यानं फिरायला पाहिजे."

मुत्या म्हणाली, "लोला, राहू दे. ही जमिनीवर उभी राहते." मग चांदणी दाराशी जमिनीवरच उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागायची.

त्यानंतर पहाटेच्या मिस्सा सुरू झाल्या. मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, नाताळच्या आधी नऊ दिवस, उजाडायच्या आत. रोवेना एकही चुकवायची नाही. मी त्या दोघींना रिक्षातून सोडायचो आणि बाहेर डब्यातच झोपायचो. मिस्सा संपली की रोवेना डब्यावर टकटक करायची. यंदा आत जायला मीच होतो, कारण मुत्या लोलाच्या मांडीवर बसायला तयार नव्हती. लोलाची हाडं टोचतात म्हणे.

पहिल्या दिवशी ती नीट बसली. दुसऱ्या दिवशी तिची एक चप्पल हरवली. मिस्सा संपल्यावर ती दानाच्या पेटीखाली सापडली. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर तिच्या खिशातून एक मेंढी निघाली. चर्चमध्ये वेदीजवळ येशूजन्माचा गोठा मांडलेला असतो, त्यातली.

"ही का आणलीस?"

"तिला बाकीच्या मेंढ्या ढकलत होत्या."

चौथ्या दिवशी ती मेंढी परत ठेवायला मी सगळ्यांच्या आधी गेलो. गोठ्यात वाकून ठेवतच होतो, तेवढ्यात मागून घंटा वाजवणारा म्हातारा म्हणाला, "ए, काय उचलतोयस?" मी म्हटलं, "उचलत नाही, ठेवतोय." तो म्हणाला, "सगळे हेच म्हणतात." बाहेर आलो तेव्हा आलिंग सेपाला ते कळलेलंही होतं. चर्चच्या दाराशी ती बिबिंका विकते, तांदळाच्या पिठाचा केक, खाली-वर निखारे ठेवून भाजलेला. मला बघून मोठ्यानं ओरडली, "माझे पाट मोजून ठेवा रे, डेल्फिन आलाय!"

लोक हसले. मीही हसलो. त्या दिवशी मला वाटलं की जमेल. वेडंवाकडं का होईना, नाताळ होऊन जाईल.

दुपारी शेजारचा इस्को गाडी घेऊन आला. त्याची बायको मेर्ली कुवेतला घरकामाला आहे. तीन वर्षांनी ती घरी येणार होती, चोवीस तारखेला सकाळच्या विमानानं. इस्कोनं चुलतभावाची व्हॅन मागून आणली होती. टपावर खोकी बांधायला कठडा करून हवा होता. आमच्याकडे परदेशातून माणूस आलं की त्याच्याबरोबर खोकी येतात, साबण, चॉकलेट, डबाबंद मटण, टॉवेल, सगळ्या गल्लीला पुरेल एवढं.

मी कठडा जोडत होतो. मुत्या आणि इस्कोची मुलगी क्लारिस पायरीवर बसल्या होत्या. मुत्या उठून जवळ आली.

"ताताय, मोठा कर ना."

"लांब हो, डोळ्यांना लागेल. पुरेसा मोठा आहे."

"नाही पुरणार. नानायची पण खोकी असतील."

मी मशीन बंद केलं. आमच्या घरात नानाय एकच होती, तिची आई.

"कोण म्हणालं नानाय येणार आहे?"

"मी मागितलंय. रोज सकाळी मागते. लोला म्हणाली, सगळ्या मिस्सा केल्या की जे मागशील ते मिळतं."

मी काही बोलायच्या आत क्लारिस म्हणाली, "माझी मम्मी येते म्हणून हिची पण येते? हिची तर देवाकडे गेली."

"मग?" मुत्या म्हणाली. "तुझी आई गेली तेव्हा गाडी आली होती. माझ्या पण नानायसाठी गाडी आली. तुझ्या आईची मोठी पेटी होती. माझ्या पण नानायची होती. तुझ्याकडे सगळे रडले. आमच्याकडे जास्त रडले. लांब जायचं असेल तर जास्त रडतात."

इस्को टायरमधली हवा बघत होता. तो वाकलेलाच राहिला.

मला वाटत होतं की तिला सगळं माहीत आहे. ती शवपेटीजवळ होती, दफनाला होती. एक नोव्हेंबरला आम्ही सगळे कबरीवर गेलो, तिथं तिनं बाकीच्या पोरांबरोबर वितळलेल्या मेणाचे गोळे केले आणि बक्षीस मिळवलं. पण तिला समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. 'देवाकडे गेली' असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कुठं तरी गेलेलं आहे. कुवेत, हाँगकाँग, जहाजावर. आणि ती माणसं नाताळला परत येतात.

कठड्याचा शेवटचा जोड मी वाकडा मारला. तो तोडून पुन्हा करावा लागला.

संध्याकाळी मी लोलाकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"तुम्ही तिला काय सांगून ठेवलंत?"

"काय सांगितलं?"

"मिस्सा केल्या की मागेल ते मिळतं म्हणून. ती रोवेनाला मागतेय."

लोलाचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "मला माझ्या आईनं सांगितलं होतं. मी नव्या चपला मागितल्या होत्या. पोरं चपला मागतात, बाहुली मागतात. मला काय माहीत ती काय मागेल?"

"आता चोवीस तारखेला काय करायचं?"

"त्याच्या आधी सांगायचं."

"कोणी?"

"बाप कोण आहे तिचा? मी?"

"तुम्ही सुरू केलंत."

"मी सुरू केलं!" तिनं सूप खाली आपटलं. "रोज पहाटे मी पण येते ना तिथं? गुडघे दुखतात तरी येते ना? मी काय मागत असेन असं वाटतं तुला? चपला?"

मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाताना सांगायचं ठरवलं. मोटारसायकलला डबा जोडलेला, ती डब्यात, मी बाहेर, मध्ये इंजिनाचा आवाज. दोन वेळा "मुत्या" अशी हाक मारली. ती "काय?" म्हणाली. मी म्हटलं, "थंडी वाजते का?" मिस्सा संपल्यावर सांगू म्हटलं, तर तिच्या तोंडात बिबिंका होता. घरी आल्यावर सांगू म्हटलं, तर ती झोपली. कामावर असताना माझ्या डोक्यात वाक्यं तयार व्हायची. चांगली, नीट वाक्यं. हात धुवून तिच्यासमोर आलो की एकही उरायचं नाही.

मला बसवत नव्हतं. जेवताना मी दोनदा उठायचो, दार बघायचो, गॅस बघायचो. एका रात्री मी गजर लावलाच नाही. एक मिस्सा चुकली तर तिलाच वाटेल की आपलं राहून गेलं, म्हणून नानाय आली नाही, असा विचार केला. मग पडल्या पडल्या लक्षात आलं की तिला नेमकं हेच वाटेल, आणि ते ती जन्मभर लक्षात ठेवेल. गजर लावायला उठलो. त्याची गरज नव्हती. पहाटे डोळे उघडले तेव्हा ती स्वेटर उलटा घालून दारात उभी होती.

"ताताय, ऊठ. तुझ्यामुळे उशीर होतो."

तेवीस तारखेला इस्को भेटला. म्हणाला, "सांगितलंस?"

"आज सांगतो."

"काल पण आजच होतं."

"तू सांग मग."

"मला माझ्या पोरीला तिच्या आईचा फोटो दाखवायला लागतोय रोज, ओळखावी म्हणून," इस्को म्हणाला. "माझं मला पुरेसं आहे."

चोवीस तारखेची शेवटची मिस्सा. चर्च बाहेरपर्यंत भरलेलं. इस्कोचं सगळं खानदान तयार होऊन आलं होतं, कारण मिस्सा संपली की तिथूनच परस्पर विमानतळावर जायचं होतं. चर्चच्या बाजूला व्हॅन उभी. आमच्याकडे एकाला आणायला एक जण जात नाही. आई, काका, माम्या, त्यांची पोरं, सगळे जातात.

त्या दिवशी मुत्या झोपली नाही, हलली नाही, काही उचललं नाही. डोळे घट्ट मिटून बसली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी छताकडे बघत होतो. बाहेर पडल्यावर तिला तिथंच बाकावर बसवून सगळं सांगायचं, हे ठरवलं होतं. आता दिवसच उरला नव्हता.

बाहेर आलो. म्हटलं, आधी तिला खायला देऊ. "इथंच थांब," म्हणालो. आलिंग सेपाकडे रांग होती. मी एक बिबिंका आणि आल्याचा काढा घेतला आणि वळलो. मुत्या नव्हती.

आधी घाबरलो नाही. लोलाकडे असेल म्हटलं. लोला एकटीच होती. मग आत गेलो. बाकांखाली बघितलं, गोठ्याच्या मागं बघितलं. घंटावाल्या म्हाताऱ्यानं या वेळी काही विचारलं नाही, तोही वाकून शोधायला लागला. फादरनी कर्ण्यावरून सांगितलं, पिवळ्या स्वेटरातली लहान मुलगी दिसली तर पुढे घेऊन या. लोक "मुत्या, मुत्या" हाका मारत रस्त्यावर पांगले. मी नदीच्या बाजूला धावलो. हातातला काढा कधी सांडला कळलं नाही, हात भाजला होता. नदीवर कुणी नव्हतं. मी पुलाखाली उतरून बघितलं. पुन्हा वर आलो, पुन्हा खाली गेलो.

तेव्हा फोन वाजला. इस्को होता.

"डेल्फिन, आमच्यात एक जास्तीचं पोर निघालंय."

मी पुलाखालून रस्त्याकडे चढायला लागलो.

"ऐकतोयस ना? बरी आहे, काळजी करू नको. भाताच्या पुड्या वाटल्या, एक कमी पडली. म्हणून मोजलं. तुझी मुत्या मागं माझ्या आत्याच्या मांडीवर बसलीय. आत्याला वाटलं चुलतभावाची, चुलतभावाला वाटलं आत्याच्या ओळखीची. माझ्या वाटणीचा भात पण खाल्ला तिनं."

"परत आण तिला."

"कुठून आणू? द्रुतगती मार्गावर आहोत. इथून वळता येत नाही आणि विमान उतरेल. डेल्फिन, एक सांग." त्यानं आवाज खाली आणला. "ती मला विचारतेय, रोवेना कुठल्या दारानं बाहेर येणार. मी काय बोलू?"

"काही बोलू नको. तिला फोन दे."

मुत्या फोनवर आली. तिचा आवाज आनंदात होता. "ताताय, तू येऊ नको. इथं जागा नाही. येताना नानाय पण असणार ना, मी तिच्या मांडीवर बसेन."

"मुत्या, ऐक. मी येतोय. इस्कोकाकांचा हात सोडायचा नाही."

"तू कशाला? मी आणते तिला," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी मोटारसायकलचा डबा सोडवायला लागलो. डब्यासकट मोठ्या रस्त्यावर जाऊ देत नाहीत. बोल्ट माझ्याच हातानं घट्ट बसवलेले, निघेनात. लोला माझ्या डोक्याशी उभी होती.

"मी येते."

"मागं बसून एवढं लांब तुम्हाला जमणार नाही."

"मग ऐक. या वेळी सांगूनच ये. न सांगता परत आलास तर मी सांगेन, आणि मला नीट सांगता येणार नाही. मी तिच्याआधी रडेन."

द्रुतगती मार्गावर लहान मोटारसायकल चालत नाही. मी जुन्या रस्त्यानं गेलो. नाताळच्या आदल्या दिवशी त्या रस्त्यावर सगळं जग असतं. एक जण मोटारसायकलवर भाजलेलं अख्खं डुक्कर घेऊन चालला होता, ते कागदात गुंडाळलेलं, त्याचे पाय बाहेर. प्रत्येक गावात बाजार रस्त्यावर आलेला. मी गाडी फुटपाथवरून घातली, उलट्या बाजूनं घातली, एका पोलिसानं हात केला तेव्हा थांबलो नाही. मला एवढंच कळत होतं की मी पोचायच्या आत विमान रिकामं होता कामा नये. तिनं दाराकडे बघत राहावं आणि दार बंद व्हावं, आणि तिच्या बाजूला आत्याची मांडी असावी, हे नको होतं.

विमानतळाच्या बाहेर, प्रवासी येतात तिथं, लोखंडी कठड्यामागं शेकडो माणसं होती. फुगे, पुठ्ठ्यावर लिहिलेली नावं, झोपलेली पोरं. इस्कोचं खानदान लांबूनच दिसलं, कारण मुत्या त्याच्या खांद्यावर होती. पिवळा स्वेटर आजही उलटाच होता.

मी जवळ पोचलो आणि तेव्हाच मेर्ली बाहेर आली. ढकलगाडीवर खोकी एवढी की आधी खोकीच आली, मागून ती. सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. इस्कोनं मुत्याला खाली ठेवलं आणि धावला. क्लारिसला कुणीतरी पुढे ढकललं. ती दोन पावलं गेली आणि उलटी फिरून आत्याच्या झग्यात शिरली.

"अगं मम्मी आली तुझी!" सगळे म्हणत होते. "फोटोतली! बघ की!"

क्लारिस बघेना. मेर्ली जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, हात पुढे केलेले. "राहू दे," ती म्हणाली, "राहू दे तिला. मी आहे आता."

मुत्यानं ते सगळं बघितलं आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"ताताय, आलास? उचल ना मला. खालून फक्त पाय दिसतात."

मी उचललं. मेर्लीचं माझ्याकडे लक्ष गेलं. इस्कोनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती उठली, पुढे आली आणि मुत्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मुत्या म्हणाली, "मेर्लीकाकू, माझी नानाय कुठं बसली होती?" मेर्लीनं तोंड फिरवलं.

मी इस्कोला म्हटलं, "तुम्ही निघा. आम्ही मागून येतो." तो थांबायला तयार होता, पण व्हॅन उभी करायची वेळ संपली होती आणि पोलीस शिट्ट्या मारत होता. ते गेले.

"मुत्या, नानाय नाही येणार."

"अजून माणसं येतायत."

"या विमानात ती नाही."

"मग पुढच्या?"

"पुढच्याही नाही. कुठल्याच विमानात नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. "मी सगळ्या मिस्सा केल्या. एकदाच झोपले. पण तेव्हा फादर पण जांभई देत होते."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही. नानायला ताप आला. डासाचा ताप. दवाखान्यात नेलं, पण ती बरी झाली नाही. ती मेली, मुत्या."

तो शब्द मी ऑगस्टपासून तोंडानं काढला नव्हता. सगळे 'गेली' म्हणायचे, मीही 'गेली' म्हणायचो.

"क्लारिसची आई पण..."

"क्लारिसची आई कामाला गेली होती. काम संपलं की माणूस येतं. मेलेलं माणूस येत नाही. कितीही बोलावलं तरी येत नाही. तू बोलावलंस, मी पण बोलावलं."

ती माझ्या सदऱ्याचं बटण फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू मला पेटीवरून पलीकडे दिलं होतंस. लोलाच्या हातात."

"हो."

आमच्याकडे प्रेत घरातून हलवायच्या आधी घरातल्या लहान पोरांना शवपेटीवरून उचलून पलीकडे देतात.

"लोला म्हणाली, आता नानाय रात्री येऊन घाबरवणार नाही. म्हणून मी दिवसा मागितलं. मी देवाला सांगितलं, रात्री नको, दिवसा पाठव. दिवसा मी घाबरणार नाही."

हा विचार तिनं एकटीनं, चर्चमध्ये माझ्याच मांडीवर बसून केला होता, आणि मी छताकडे बघत होतो.

"सगळे बाहेर येईपर्यंत थांबू या," ती म्हणाली.

"मी सांगितलं ना, ती..."

"मला माहीत आहे. पण थांबू या."

मग आम्ही थांबलो. माणसं येत राहिली. एक म्हातारी चाकाच्या खुर्चीतून आली, तिला न्यायला आलेले सगळे एकसारखे टीशर्ट घालून आले होते. एक तरुण आला, त्याला कुणीच न्यायला आलं नव्हतं, तो एकटाच हसत टॅक्सीकडे गेला. गर्दी कमी झाली. कठड्याजवळ जागा झाली. ती माझ्या हातावर जड झाली होती, पण मी खाली ठेवलं नाही.

दार पुन्हा उघडलं. निळ्या कपड्यांतली एक बाई बाहेर आली, मान खाली, केस मागं बांधलेले, एका खांद्यावर पिशवी. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकत होती. मी कठड्यावर पुढे झुकलो. तिनं मान वर केली.

"ती नाही," मुत्या म्हणाली.

"नाही."

"तुला पण वाटलं."

"हो. मला पण वाटलं."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "चल," म्हणाली.

परतीला मी तिला पुढ्यात बसवलं आणि माझा सदरा काढून तिला पोटाशी बांधलं. गावाबाहेरच्या पुलापर्यंत आलो. मला वाटलं झोपली. मग खालून आवाज आला.

"ताताय, नाताळला पण नाही?"

"नाही गं. नाताळला पण नाही."

तेव्हा ती रडायला लागली. चर्चमध्ये नाही, विमानतळावर नाही, ऑगस्टमध्येही अशी नाही. मी गाडी बाजूला घेतली. एका जीपमधली पोरं हात हलवून "नाताळच्या शुभेच्छा!" ओरडत गेली. खिशातला फोन वाजत होता, लोलाचा असणार. मी तो वाजू दिला. तिला गप्प बस म्हटलं नाही. माझे हात तिच्याभोवती होते आणि मीही रडत होतो, आणि आम्हाला दोघांनाही घाई नव्हती.